बाप्पा आहेत तोवर चाला

दगडूशेठच्या गणपतीचं दर्शन रस्त्यावरूनही होतं. या सोयीचा पुणेरी दुचाकीस्वाराने पुरेपूर फायदा घेतला आहे. शिवाजी रस्त्यावर मंदिरासमोर आलं की उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर, डावा छातीवर, एक पाय जमिनीवर आणि डोळे मिटलेले. मागे पीएमपीची बस. तिच्यातले पन्नास-साठ जण एका माणसाची भक्ती संपायची वाट बघत उभे. शेवटी ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, तेव्हा भक्त मागे वळून त्याच्याकडे असा बघतो, जणू पूजेत विघ्न आणणारा तोच.

हे मंदिर ज्या बुधवार पेठेत आहे, तिथे माणसांनी चालावं म्हणून महापालिकेने काही केलं नाही, असं कोण म्हणेल? २०१६ साली पादचारी धोरण झालं, २०१७ साली सायकल आराखडा, २०१८ साली पार्किंग धोरण. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि आल्या तशा गेल्या. २०२१ साली पीएमपीने पेठांसाठी 'पुण्यदशम' बस काढली: दहा रुपयांत दिवसभर प्रवास. हे वचन तिने अक्षरशः पाळलं, कारण अप्पा बळवंत चौकातून बाहेर पडायलाच दिवस लागे.

वह्या-पुस्तकांच्या दुकानांच्या त्या चौकात शाळा सुरू होताना, जूनमध्ये, एकदा जाऊन बघा. पाठीला दप्तर आणि हातात वह्यांचा गठ्ठा घेतलेलं पोर, पुढे आई. फुटपाथवर आधी गाईडांचा ढीग, मग विजेची डीपी, मग ओळीने स्कूटर. आई रस्त्यावर उतरते, रिक्षावाला ओरडतो, "ओ ताई, फुटपाथवरून चला की!" सल्ला कायदेशीर आहे.

या स्कूटर कुणाच्या? गिऱ्हाइकांच्या, असा आपला समज. रस्ता वाहनांना बंद करायचा म्हटलं की व्यापारी म्हणतात, "गिऱ्हाईक येणार कसं?" रास्त प्रश्न आहे. फक्त दुकानासमोरची पहिली गाडी सकाळी शटर उघडताना लागते आणि रात्री शटर पाडल्यावर निघते. एवढा वेळ खरेदी करणारं गिऱ्हाईक तापकीर गल्लीनेही पाहिलेलं नाही. ती गाडी शेठजींची असते, शेजारची नोकराची. पी-१ आणि पी-२च्या पाट्यांमुळे सम-विषम तारखेला ती रस्त्याची बाजू तेवढी बदलते. बुधवारात नियम पाळत नाहीत, हा निव्वळ अपप्रचार आहे.

मग गणपती येतात. बाप्पा मंदिरातून कोतवाल चावडीच्या मंडपात जातात, तेही रथातून. तेवढं अंतर हल्ली पुणेकरही चालत नाही, तेव्हा देवाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या दहा दिवसांत संध्याकाळी पोलीस आडवे बॅरिकेड लावतात आणि शिवाजी रस्ता वाहनांना बंद होतो. एरवी कोपऱ्यावरच्या दुधाला गाडी काढणारा माणूस पोराला खांद्यावर घेऊन मैलभर पायपीट करतो. आजी येतात, बाळंतिणी येतात. कुणी म्हणत नाही, पार्किंग कुठे आहे? आणि गिऱ्हाईक येणार कसं, असं विचारणाऱ्या शेठजींना मान वर करायला फुरसत नसते. ना धोरण, ना आराखडा, ना सल्लागार कंपनी. चार बॅरिकेड आणि एक हवालदार.

अकराव्या दिवशी बॅरिकेड निघतात आणि स्कूटर आपापल्या फुटपाथवर परततात.

२९ सप्टेंबर २०२४ला मेट्रोही स्वारगेटपर्यंत भुयारातून सुरू झाली. मंडईला उतरलं की दगडूशेठ पाच-सात मिनिटांच्या चालीवर. आता मोटारींसाठीही शिवाजी आणि बाजीराव रस्त्यांखालून बोगदे काढण्याची चर्चा आहे. कल्पना उत्तम. मेट्रो खाली, मोटारी खाली. वर उरतील त्या पार्क केलेल्या गाड्या आणि त्यांच्यामधून अंग चोरून जाणारे आपण.

पालिकेने मात्र आशा सोडलेली नाही. २०२१पासून ११ डिसेंबरला ती पादचारी दिन साजरा करते. लक्ष्मी रस्ता नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत वाहनांना बंद, गाणी, खेळ, रांगोळ्या. वाचकहो, अवश्य या. तारीख विषम आहे, तेव्हा शेजारच्या गल्लीत गाडी पी-१च्या पाटीखालीच लावा.