रानटीपणालाही मास्तर लागतो

विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे जी शाळेत अडकली ती आजतागायत सुटलेली नाही. इंग्लंडमध्ये आपल्या दहावीच्या वयाची मुलं जीसीएसईची परीक्षा देतात. तिथल्या एक्यूए नावाच्या मंडळाने इंग्रजी साहित्याच्या पेपरासाठी नेमलेल्या पुस्तकांत ही कादंबरी आहे. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे रानटीपणाची वाक्यं घरून पाठ करून यावं लागतं. उत्तराला ३४ गुण असतात आणि त्यांतले ४ शुद्धलेखन, विरामचिन्हं व व्याकरण यांचे. माणसाच्या अंगावरची संस्कृती कशी गळून पडते हे सांगताना स्वल्पविराम मात्र गळता कामा नये, अशी ही चोख व्यवस्था आहे. जी. ए. कुलकर्णींनी ही कादंबरी मराठीत आणली, त्यामुळे आपल्याकडेही तिची ओळख आहे. ज्यांना नसेल त्यांच्यासाठी गोष्ट एवढीच: अणुयुद्धाच्या धामधुमीत इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांचं विमान एका निर्जन बेटावर कोसळतं, मोठं माणूस एकही वाचत नाही, मुलं सभा भरवतात, पुढारी निवडतात, नियम करतात आणि थोड्याच दिवसांत तोंडं रंगवून एकमेकांच्या जिवावर उठतात.

या कादंबरीवरची विद्यार्थ्यांची मनोगतं वाचू लागलं की पहिल्यांदा बीजगणिताची आठवण होते. शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, सुटकेसाठी पेटवलेला जाळ म्हणजे आशा, काठीवर खोचलेलं डुकराचं मुंडकं म्हणजे आपल्या मनातला सैतान. किमती भरा आणि समीकरण सोडवा. यातला विज्ञानाचा चष्मा तर खास आहे. पिगी नावाच्या मुलाला लांबचं दिसत नाही आणि त्याच्या चष्म्याच्या भिंगातून ऊन धरून मुलं जाळ पेटवतात. पण लांबचं न दिसणाऱ्याला अंतर्गोल भिंग लागतं, आणि अंतर्गोल भिंग किरण पांगवतं. त्याने जाळ तर सोडाच, वाळलेलं पानही तापणार नाही. म्हणजे विज्ञानाचं प्रतीक विज्ञानातच नापास! तरी हे समीकरण बिनबोभाट सुटतं आणि खाली उत्तर येतं: शाळा, आईबाप आणि पोलीस बाजूला झाले की माणूस मुळात रानटीच. हे उत्तर मुलं इतक्या एकसुरात देतात की ते त्यांनी शोधलं असेल यावर विश्वास बसत नाही. मला तर त्यामागे हितसंबंधांचा वास येतो. हे पुस्तक लिहिणारा सॉल्सबरीच्या बिशप वर्ड्सवर्थ शाळेतला मास्तर, ते नेमणारे मास्तर, शिकवणारे मास्तर, तपासणारेही मास्तर. आणि निष्कर्ष काय, तर मास्तर नसले की पोरं एकमेकांना खातात. गवळ्याने आपल्याच दुधाला दाखला द्यावा, त्यातला हा प्रकार. दाखला खोटाच असेल असं नाही; पण दूध एकदा बाहेर तपासून घ्यायला हरकत नसावी. मी तपासलं, आणि माझा निष्कर्ष उलटा निघाला. पोरं रानटी होतात ती मास्तर नसल्यामुळे होत नाहीत. तेवढ्यासाठीसुद्धा एखादा मास्तर लागतोच.

आधी पुस्तकातलाच पुरावा घेऊ. बेटावर मुलं विखरून पडलेली असतात, शंखाचा आवाज ऐकून एकेक करत गोळा होतात. फक्त एकच टोळी शिस्तीत येते. दोन रांगा, काळे झगे, डोक्यावर टोप्या, भर उन्हात कूच. हा चर्चमधला गायकवृंद आणि त्याचा म्होरक्या जॅक. तो त्यांना उन्हात ताटकळत उभं ठेवतो आणि सायमन नावाचा मुलगा चक्कर येऊन पडतो. बेटावरची ही पहिली इजा, आणि ती शिस्तीमुळे झालेली. मग पुढारी कोण यावर चर्चा निघते. जॅक म्हणतो, मीच. कारण मी गायकांचा मुख्य आहे, शाळेचा प्रमुख विद्यार्थी आहे आणि मला वरच्या पट्टीतला अमुक एक सूर लावता येतो. निर्जन बेटावर पाणी कुठे, निवारा कुठे, याचा पत्ता नाही आणि उमेदवार प्रगतिपुस्तक काढून दाखवतो आहे! नियम करायची गोष्ट निघते तेव्हा सर्वांत जास्त उकळ्या कुणाला फुटतात? यालाच. भरपूर नियम करू आणि मोडतील त्यांना बघून घेऊ, हा त्याचा उत्साह. पिगीची टवाळीही पहिल्याच दिवशी होते, गणवेश अंगावर असताना. पिगी हे चिडवायचं नाव कुणाला सांगू नकोस अशी त्याने केलेली विनवणी धाब्यावर बसवून राल्फ ते भर सभेत सांगतो, राल्फ म्हणजे गोष्टीतला सज्जन हे इथे लक्षात घ्यावं, आणि अख्खी सभा खदखदून हसते. त्याचं खरं नाव कोणी शेवटपर्यंत विचारत नाही. सत्तर वर्षं झाली, उत्तरपत्रिकांतही तो पिगीच आहे.

यावर हुशार विद्यार्थ्याची हरकत ठरलेली असते: मग रॉजरच्या दगडांचं काय? कादंबरीत एक प्रसंग आहे. रॉजर एका लहान मुलावर दगड फेकतो, पण मुद्दाम बाजूला पडतील असे. त्या मुलाभोवती एक अदृश्य रिंगण आहे आणि त्यात दगड टाकायचा धीर त्याला होत नाही, कारण आईबाप, शाळा, पोलीस आणि कायदा यांनी हात धरून ठेवलेला आहे. तोच रॉजर शेवटी कड्यावरून धोंडा लोटतो आणि पिगी मरतो. म्हणजे धरलेला हात सुटला की खून, हे सिद्ध झालं की नाही? हरकत वजनदार आहे आणि मी ती टाळत नाही. पण दोन गोष्टी बघा. एक, ज्या संस्कृतीने रॉजरचा हात धरला आहे तिला त्याची गंधवार्ता नाही आणि ती स्वतःच मोडकळीला आली आहे, हे त्याच जागी लेखक सांगतो. अणुबाँब टाकणाऱ्यांनी पोराला दगड टाकू नको म्हणून शिकवलं होतं. दुसरी गोष्ट याहून मोठी. रॉजर धोंडा लोटतो तोवर बेटावर नियम उरलेले नाहीत असं नाही. उलट ते वाढलेले आहेत. जॅकच्या टोळीत नायक आहे, पहारा आहे, परवानगीशिवाय आत येता येत नाही, आणि एका मुलाला बांधून फटके द्यायचं ठरलं आहे, कशासाठी हे कुणालाच ठाऊक नाही. याला अराजक कसं म्हणायचं? ही तर जुनीच शाळा आहे. फक्त अभ्यासक्रम कमी केला आहे.

दुसरी हरकत अशी की कादंबरी म्हणजे शेवटी कल्पना. खऱ्या मुलांचं काय ते सांगा. तर त्याच १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुझफ्फर शेरिफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २२ मुलांना उन्हाळी शिबिरात नेऊन त्यांचे दोन गट पाडले. एकाचं नाव गरुड, दुसऱ्याचं खुळखुळे नाग. मग त्यांच्यात सामने लावले आणि जिंकणाऱ्यांना पदकं व खिशातले चाकू बक्षीस ठेवले. भांडणाऱ्या मुलांना बक्षीस काय द्यावं, याचा एवढा खोल विचार क्वचितच कोणी केला असेल! झेंडे जळले, खोल्यांवर छापे पडले, शिवीगाळ झाली आणि प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला. जे पाठ्यपुस्तकांत गेलं नाही ते जीना पेरी या लेखिकेने २०१८च्या पुस्तकात सांगितलं. याच शेरिफने वर्षभर आधी न्यूयॉर्क राज्यात असाच प्रयोग केला होता आणि तो साफ फसला होता. मुलांची आधीच मैत्री झालेली. शिबिरातल्या मोठ्यांनी गुपचूप सामानसुमानाची नासधूस करून एका गटाला दुसऱ्याचा संशय यावा अशी सोय केली, तरी मुलं भांडेनात. उलट संशय मोठ्यांवरच आला. तिथे हाणामारीपर्यंत वेळ आली ती खुद्द प्राध्यापकांची. ते प्यायलेले होते, आपल्या मदतनिसावर हात उगारू लागले आणि दुसऱ्या मदतनिसाने लाकडाचा ठोकळा उचलून दटावलं तेव्हा थंड झाले. गोल्डिंगची गोष्ट निराळी नाही. जॉन केरीने लिहिलेल्या चरित्रावरून कळतं की शाळेच्या सहलीत त्यानेही मुलांचे दोन गट पाडून एकाला हल्ला करायला आणि दुसऱ्याला तट राखायला लावलं होतं. तेव्हा निसर्गतः रानटी असलेल्या मुलांचा जो काही पुरावा आहे, त्यात बाजूला वही घेऊन उभा असलेला एक मोठा माणूस दर वेळी सापडतो.

आणि जिथे तो नव्हता, तिथे काय झालं? १९६५ साली टोंगाच्या नुकुआलोफा गावातली ६ मुलं वसतिगृहाला कंटाळून दुसऱ्याची होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि आटा नावाच्या ओसाड बेटाला लागली. पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाने त्यांना १९६६च्या सप्टेंबरात शोधून काढलं. तोवर सुमारे १५ महिने त्यांनी संसार थाटला होता. बाग होती, पावसाचं पाणी साठवायला कोरलेले ओंडके होते, कामाच्या पाळ्या लावलेल्या होत्या. एकाने गिटार करून वाजवायला घेतलं होतं. एकाचा पाय मोडला तर इतरांनी तो बांधला आणि तो सरळ जुळला. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं, डोकं निवलं की परत येऊन माफी मागायची. पेटवलेला जाळ त्यांनी विझू दिला नाही; गोल्डिंगच्या पोरांना हेच एक काम जमलं नव्हतं. परत आल्यावर मोठ्यांनी त्यांचं स्वागत कसं केलं? होडीच्या मालकाने तक्रार ठेवलेली असल्यामुळे त्यांना तुरुंगात टाकलं, आणि वॉर्नरने पैसे भरून सोडवलं. ते बेट ओसाड का होतं, हेही सांगितलं पाहिजे. १८६३ साली गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजाने तिथली पुष्कळ माणसं पळवून नेली आणि उरलेल्यांना टोंगाच्या राजाने दुसऱ्या बेटावर हलवलं. म्हणजे त्या बेटावर रानटीपणा येऊन गेला होता खरा, पण तो प्रौढ होता आणि रीतसर जहाजाने आला होता.

आता कोणी म्हणेल, सहा मित्रांच्या जोरावर अख्ख्या मानवजातीला निर्दोष कसं सोडता? बरोबर आहे. ती मुलं एकमेकांना ओळखत होती, आपणहून निघाली होती, आणि सहाजणांत पक्ष पाडायचे म्हटले तरी कोरमची पंचाईत. शिवाय तीही शाळेतलीच. प्रार्थना, गाणी, पाळ्या लावायची रीत हे सगळं ती शाळेतूनच घेऊन गेली होती. तेव्हा शाळा बंद करा असं माझं म्हणणं मुळीच नाही. तसं म्हटलं तर या लेखाचे वाचक कमी होतील. माझं म्हणणं एवढंच, की शाळेत दोन गोष्टी एकत्र शिकवल्या जातात. एक, सगळ्यांनी मिळून गावं कसं; आणि दोन, त्यांतला पहिला कोण. टोंगाची मुलं पहिली गोष्ट घेऊन गेली, जॅक दुसरी. माणूस मुळात चांगला की वाईट, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, पण विचारायचा प्रश्न बदलतो. बिघडलेल्या पोरांपाशी थांबण्याऐवजी त्यांना पदक आणि चाकू कुणी दिले, हे आधी बघावं लागतं.

शेवटची हरकत खुद्द लेखकाची. दुष्टपणा माणसाच्या पोटातच तयार होतो असं आपल्याला म्हणायचं होतं, हे गोल्डिंगने लिहून ठेवलेलं आहे. तो दुसऱ्या महायुद्धात आरमारात होता, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या चढाईत होता. त्याचं मत सहज झटकावं असं नाही. पण त्याच कादंबरीचा शेवट पाहा. राल्फला मारायला मुलं बेट पेटवतात, धूर पाहून जहाज येतं, आणि पांढऱ्या गणवेशातला नौदलाचा अधिकारी वाळूवर उभा राहून म्हणतो की ब्रिटिश मुलांकडून याहून बरी अपेक्षा होती. विद्यार्थी लिहितात, अधिकारी म्हणजे परत आलेली संस्कृती, आणि पान उलटतात. त्याच्या कमरेला पिस्तूल आहे, मागे युद्धनौका उभी आहे, आणि इथून सुटल्यावर तीही माणसांच्याच शिकारीला जाणार आहे. या साहेबाला कोण सोडवणार, असा प्रश्न स्वतः गोल्डिंगनेच विचारलेला आहे. अणकुचीदार काठी घेतलेला पोर रानटी आणि तोफा घेतलेला साहेब सुसंस्कृत, हा फरक काठीच्या लांबीवर ठरत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी, पोरं बेटावर अडकली तर काळजी करण्यासारखं पुष्कळ आहे: प्यायचं पाणी, मोडलेले पाय, कच्ची फळं खाऊन बिघडलेली पोटं. ते त्यांचं ती बघतील. आपण किनाऱ्यावर उभं राहून एवढंच पाहावं, की बक्षिसांची पेटी घेऊन कोणी मोठा माणूस त्यांच्यामागे पोहत निघालेला नाही ना.