हार्बर लाइनवरचा युरोप

युरोप पाहावा तर रेल्वेनेच, असं आमच्या मित्रवर्यांचं ठाम मत आहे. त्यांनी स्वतः युरोप पाहिला तो रात्री जेवणानंतर, पोटावर उशी आणि उशीवर मोबाइल ठेवून. डोंगरातून सुळकन जाणारी गाडी, खिडकीबाहेर चर्चचे मनोरे, समोर वाफाळती कॉफी आणि शेजारची सीट रिकामी! यातली रिकामी सीट त्यांच्या मनात विशेष भरली, कारण हयात हार्बर लाइनवर गेली.

आम्ही दोघे देवनारचे. देवनार म्हटलं की ऐकणारा आधी नाकाला रुमाल लावतो. १९२७पासून मुंबई आपला कचरा आमच्याकडे पाठवते आहे. "इतकी वर्षं त्यांचं येणं चालूच आहे, आपणही एकदा जायला हवं. रीत आहे ती," मित्रवर्य म्हणाले आणि दौरा ठरला. देवनारला स्वतःचं स्टेशन नाही, म्हणून प्रस्थान गोवंडीहून. व्हिसाची भानगड नाही, तिकीट कटिंग चहाच्या भावात. मित्रवर्यांनी गळ्यात कॅमेरा अडकवला होता. गाडीत शिरेपर्यंत तो माझ्या गळ्यात आला.

चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून मी माहिती द्यायला सुरुवात केली. "कुर्ला-चेंबूर लाइन १९०६ साली टाकली, ती कचरा वाहायला. माणसांची वाहतूक १९२४पासून."

मित्रवर्यांनी डब्यावर नजर फिरवली. "भरायची पद्धत तीच ठेवलेली दिसते."

कुर्ला आल्यावर मला राहवेना. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती बोरीबंदर ते कुर्ला आणि याच हार्बर मार्गाने! हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं. वर कडीला लटकलेले एक काका म्हणाले, "तेव्हा बसायला मिळालं असेल."

शिवडी गेलं की युरोप सुरू होतो. पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन, कॉटन ग्रीन. "तीन-तीन भाषा! अगदी स्वित्झर्लंड!" मित्रवर्य मोहरले. त्यानंतर रे रोड. लॉर्ड रे १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर होते. सरदारकी स्कॉटलंडची, जन्म मात्र हॉलंडातल्या हेगचा. मित्रवर्यांनी वहीत स्कॉटलंड आणि नेदरलँड्स अशा दोन्हींवर टिक मारली. गाडी जेमतेम थांबली होती, पण कंडक्टेड टूरवाले तरी याहून जास्त कुठे थांबवतात? सँडहर्स्ट रोडला इंग्लंड उरकलं. हेही गव्हर्नरच, प्लेगच्या साथीत मुंबई यांच्या पदरात होती.

सीएसएमटीला उतरलो. ही इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची, १८७८ला काम सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. २००४ला युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. बाहेरच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह, तो इंग्लंडचा. दुसऱ्यावर वाघ, तो आपला. वर पावसाचं पाणी तोंडातून ओकणारे दगडी प्राणी. घुमटावर 'प्रगती' नावाची बाई उभी आहे, उजव्या हातात पेटती मशाल, डाव्या हातात आऱ्यांचं चाक. मित्रवर्य मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिले.

"पंक्चरवाला शोधतेय का रे ही?"

"ओ काका, आत जा नाहीतर बाहेर जा!" मागून कोणीतरी ओरडलं. तिथे वर बघणारे आम्ही दोघेच. बाकी सगळ्यांचं लक्ष इंडिकेटरकडे.

तिथून चालत राजाबाई टॉवर. लंडनच्या बिग बेनचा हा मुंबईकर भाऊ १८७८ला पुरा झाला. पैसा कापसाच्या व्यापारातल्या प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. नकाशे काढले गिल्बर्ट स्कॉट यांनी, मुंबईत पाऊलही न टाकता, लंडनहून. "म्हणजे वर्क फ्रॉम होम," मित्रवर्य म्हणाले. "आणि हा पिवळसर दगड कुठला? इटलीचा?"

"कुर्ल्याचा."

ते गंभीर झाले. "म्हणजे दगड आपल्याकडून इथे आला आणि इथून कचरा आपल्याकडे. नाही रे, हा व्यवहार काही बरोबरीचा नाही."

पण युरोप काही एवढ्यावर संपत नाही. पोर्तुगाल राहिलाय. तो वसईला आहे. वसई १५३४पासून पोर्तुगीजांकडे होती, १७३९ला चिमाजी अप्पांनी घेतली. गोवंडीहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून वसई. किल्ला घ्यायला मराठ्यांना दोन वर्षांची मोहीम काढावी लागली, असं मी सांगितलं, तर मित्रवर्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "घेतील नाहीतर काय," ते म्हणाले. "त्यांना संध्याकाळी सहाला दादरहून विरार गाडी कुठे पकडायची होती?"