आंबलं म्हणजे काय?

दिवाळीत धारूरच्या घाटातून सीताफळांचं क्रेट घेतलं. डोळे चांगले उघडलेली. मी भाव पाडायला लागलो तशा मावशी म्हणाल्या, "घ्या साहेब, परवा ही फुकटबी कुणी न्यायचं नाही." चौथ्या दिवशी मागच्या खोलीत उरलेल्या पाच-सहा फळांनी त्यांचा शब्द खरा केला. साली तडकलेल्या, गर फसफसलेला, वास गोड-आंबूस. आईनं नाक मुरडलं. "आंबलंय. टाक परसात."

आईनं नकळत नॅचरल वाइनची कृतीच सांगितली की. वरून यीस्ट नाही, साखर नाही; सालीवरचं रानटी यीस्ट जे करेल ते करू द्यायचं. फ्रान्सनं २०२० साली त्यासाठी वेगळं लेबल काढलं. अटी अशा: द्राक्षं सेंद्रिय, हातानं खुडलेली, यीस्ट त्यांचं स्वतःचं, सल्फाइट घातलंच तर लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत.

बालाघाटाचं रानसीताफळ यातल्या निम्म्या अटी जन्मतःच पाळतं. माळावर आपोआप उगवतं, तोडणी हातानं, आणि फवारणीला पैसे आहेत कुणाकडे? सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी द्राक्षबागायतदार तीन वर्षं रसायनं सोडून बसतो. आमच्या डोंगरानं ती कधी धरलीच नाहीत. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं फळ टिकत नाही हा भाग वेगळा. पिकल्यावर दोन-तीन दिवस, बस्स. गर तापवला की कडवट होतो, गोठवायचा तर शीतगृह हवं. आंबायला मात्र काहीच लागत नाही, ते काम फळ फुकटात करतं.

सरकारला वाइनची काळजी नाही असं कुणी म्हणू नये. २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आहे. जानेवारी २०२२ मध्ये तर किमान हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरलं, शेतकऱ्याच्या भल्यासाठी. वाइन म्हणजे दारू नव्हे, हा सिद्धांत तेव्हाचाच. मग विरोध झाला, हरकती मागवल्या आणि निर्णय फायलीत मुरत पडला. आमच्याकडे हजार चौरस फुटांत दुकान नसतं. दोन भावांचे संसार आणि शेळ्या असतात.

बरं, फळ पिकतं कधी? दसरा-दिवाळीला. नेमकी तेव्हाच मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते बांधून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. फळ इथं, हात तिथं. त्यांनी तोडलेल्या उसाची मळी डिस्टिलरीत जाते, आणि त्यांचाच घाम सीलबंद होऊन गावच्या दुकानात परत येतो. शुल्क भरून.

गावात कुणी स्वतः काही आंबवलं, तर बातमी ठरलेली: 'गूळमिश्रित रसायन जागीच नष्ट.' नाशिकच्या स्टीलच्या टाकीत ते फर्मेंटेशन, इथल्या पत्र्याच्या पिंपात रसायन. हातभट्टीची वकिली मी करत नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनं. पण शब्द बघा कसा माणूस पाहून बदलतो.

फळं परसात टाकली. संध्याकाळी पाहतो तर चिलटांची ही झुंबड. आईनं वरून राख टाकली. आमच्या घरची ही पहिलीच धाड.