दस्ती बांध की!

आमच्या परभणी जिल्ह्यात वाळूवर जेवढी नजर असते तेवढी कुठल्याच मालावर नसते. गंगाखेड असो, सोनपेठ असो की पालम. रात्री गोदाकाठानं हायवा निघाला की मागं तहसीलची जीप आणि पुढं मोटारसायकलवरचा टेहळ्या, अशी वरातच असते. 2023 साली सरकारनं 600 रुपये ब्रासनं वाळू द्यायचं जाहीर केलं, तरी नदीतली रात्रपाळी काही बंद पडली नाही. वाळूची पावती मागतात, पकडली तर दंड लावतात. फक्त जी वाळू माणसाच्या छातीत उतरते, तिची रॉयल्टी आजवर कुणी वसूल केलेली नाही.

छातीत उतरते ती सँड ब्लास्टिंगमुळं. येलदरी धरणाला दहा लोखंडी दरवाजे, निम्न दुधनाला वीस, शिवाय ढालेगाव, मुदगल, डिग्रस या बंधाऱ्यांचे वेगळे. जन्मभर पाण्यात उभं राहणारं असलं लोखंड ब्रशनं खरवडून रंगवलं तर रंग पापुद्रे सोडतो. म्हणून दाबाच्या हवेनं खरखरीत कण मारून गंज मुळापासून उडवायचा आणि मग रंग द्यायचा. बेंजामिन टिलघमन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं 1870 साली याचं पेटंट घेतलं, ते वाळू वापरूनच. ब्रिटननं 1949 च्या नियमांनी या कामातून वाळू हद्दपार केली. जीन्सला जुनाट कळा आणण्यासाठी वाळूचा मारा करता करता पोरं आजारी पडली, तेव्हा तुर्कस्ताननंही 2009 मध्ये तो प्रकार बंद केला. आमचा गुत्तेदार मात्र अजून टिलघमनच्याच वर्गात बसलेला आहे. वाळू जवळ मिळते ना!

तर असं काम निघालं की यंत्रसामग्री कशी निवडतात? पहिला कॉम्प्रेसर. विहिरीत सुरुंगाची भोकं पाडणारा ट्रॅक्टर गावात उभाच असतो, तोच बोलवायचा. आता 3/8 इंची नोझलला 100 पीएसआय दाबावर मिनिटाला जवळपास 200 घनफूट हवा लागते, हे त्या ट्रॅक्टरला कुणी सांगितलेलं नसतं. नोझल झिजून अर्ध्या इंचाचं झालं की हवेची भूक पावणेदोनपटीच्या वर जाते. कॉम्प्रेसर तोच, मग दाब पडतो आणि गंज नुसता चिडतो. अशा वेळी कामगाराला म्हणायचं, "जवळ जाऊन मार!" बनी तो बनी, नहीं तो परभणी, ही म्हण इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात घातलेली नाही, पण साइटवर तिचंच मॅन्युअल चालतं.

मग होज. सांध्याला सेफ्टी पिन आणि दोरखंड लावायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवायची, म्हणजे सांधा सुटल्यावर पाइप आसूड होऊन फिरायला मोकळा. नोझलपाशी हात सुटताच झोत बंद करणारी मूठ असते, तिला डेडमन म्हणतात. ती दिवसभर दाबून बोटं दुखतात, म्हणून तारेनं बांधून टाकलेली. झोताला आता माणसाची गरजच उरत नाही.

सगळ्यात शेवटी माणूस. त्याच्यासाठी खरेदी होत नाही, त्याला आदेश मिळतो: "दस्ती बांध की तोंडाला!"

दस्ती, म्हणजे हातरुमाल, बिचारी वासाला आणि उन्हाला पुरते. वाळूचा कण लोखंडावर आपटून फुटला की त्याची जी पूड होते, तिच्यातली फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारी धूळ डोळ्यांना दिसतही नाही. तिला दस्तीचं विणकाम म्हणजे उघडा दरवाजाच. ती आत बसते, फुप्फुसाला वण पडत जातात, त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्याला उतारा नाही. वर क्षयाला आमंत्रण. गावात मग "टीबीच होता" एवढंच ठरतं, एक्स-रेही पुष्कळदा तशीच साक्ष देतो, आणि गुत्तेदार पुढच्या दरवाजाकडं वळतो. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 नुसार सिलिकोसिस कळवण्याजोगा रोग होता, डॉक्टरानं तो सरकारला कळवायचा असायचा. पण तो कायदा कारखान्याचा होता, आणि बंधाऱ्याला चार भिंती नाहीत.

खरी निवड याच्या उलट्या टोकानं सुरू होते. आधी माणूस: बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं, खांद्यापर्यंत झाकणारं हेल्मेट. ती हवा ट्रॅक्टरच्या तेलकट कॉम्प्रेसरची चालत नाही. फिल्टर हवा, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र हवं. "उन्हाळ्यात 43 डिग्रीला हेल्मेट कोण घालील?" असं विचारणाऱ्यांनी एकदा आत डोकं घालून पाहावं, वाहती हवा तिथंच असते. मग कण: उघड्यावर गार्नेट, बंद खोलीत पुन्हा पुन्हा वापरता येणारी स्टील ग्रिट, बारीकसारीक सुट्या भागांना हातमोजे बसवलेली कपाटासारखी पेटी. गार्नेट आणलं म्हणून हेल्मेट काढायचं नाही. जुन्या रंगातलं शिसं काही गार्नेटला विचारून उडत नाही. कॉम्प्रेसर या सगळ्यानंतर, नोझलचा हिशेब करून.

(हा झोत लोखंडासाठी आहे, हेही सांगून ठेवावं लागतं. देवळावरचा ऑइलपेंट काढायला ब्लास्टिंगवाला बोलावणारे उत्साही विश्वस्त महाराष्ट्रात आहेत. चारठाण्याच्या जुन्या मंदिरांच्या कोरीव खांबांपर्यंत त्यांची बुद्धी न पोचो. रंग जाईल, सोबत नक्षीचं नाकही.)

बिल काढताना रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. छोटंसं यंत्र दरवाजावर टेकवायचं, आकडा एमबीत (मोजमाप पुस्तकात) चढवायचा, कनिष्ठ अभियंत्याची सही घ्यायची. रंगवणाऱ्याच्या छातीला टेकवायचं यंत्र अंदाजपत्रकात नाही, कारण ती बाबच नाही. "सँड ब्लास्टिंग करून तीन कोट रंग, दर चौरस मीटर" एवढ्या एका ओळीत वाळू, हवा, नोझल आणि माणूस सगळे कोंबलेले. निविदेत हवेचं हेल्मेट, फिल्टर, गार्नेट आणि वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे अशा वेगळ्या बाबी नावानिशी लिहायला शाई फार लागत नाही.

लिहिल्या तरी आमचा गुत्तेदार त्याही 25 टक्के बिलोनं, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दरानं, भरणार. 25 टक्के बिलो हेल्मेट म्हणजे बहुतेक काच नसलेलं.