रत्नागिरीचा घरराखा

रत्नागिरी शहरात आणि आसपासच्या वाड्यांत पासष्टी ओलांडलेल्या निवृत्त गृहस्थांचा एक वर्ग आढळतो. त्याला या लेखापुरते ‘घरराखा’ असे नाव दिले आहे. पोस्ट, बँक, शाळा, एसटी किंवा जिल्हा परिषद यांपैकी कोठे तरी तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून, निवृत्तीच्या रकमेतून वडिलोपार्जित घराचे वासे आणि कौले बदलून, मुलांना मुंबई-पुण्याला किंवा त्याही पलीकडे मार्गी लावून झाल्यावर हा गृहस्थ ओटीवरच्या झोपाळ्यावर बसतो आणि तेथून उठण्याचे नाव काढत नाही. घरराखा आणि बागायतदार यांची गल्लत करू नये. बागायतदाराकडे हापूसची शे-दोनशे कलमे असतात, मोहोराच्या दिवसांत फवारणी असते, राखणीच्या गड्यांची देणी असतात, म्हणजेच जागेवर राहण्याला त्याच्याकडे सबळ कारण असते. घरराख्याकडे तसे कारण नसते, आणि राहायचे मात्र निश्चित असते, त्यामुळे कारण त्याला स्वतः घडवावे लागते. त्यासाठी लागणारे साहित्य दोनच बाबींचे: गडग्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणाच्या, फटीत उगवलेली सदाफुली आणि पडवीत झोपलेला म्हातारा कुत्रा.

रत्नागिरीत राहणे ही इतिहासात बराच काळ शिक्षा समजली जात असे, ही बाब घरराख्याचे वेगळेपण समजून घेताना लक्षात ठेवावी लागते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला ब्रिटिशांनी १८८५ साली पदच्युत केले, १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले, १९१० साली त्याच्यासाठी खाडीकडे तोंड केलेला राजवाडा पुरा करून दिला, आणि १९१६ साली मायदेशाचे पुन्हा दर्शन न होता तो येथेच मरण पावला. स्वातंत्र्यवीर सावरकरांची १९२४ साली तुरुंगातून सुटका झाली तीही रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही या अटीवर, आणि ही अट १९३७ पर्यंत कायम राहिली. या दोघांना येथून हलू न देण्यासाठी सरकारला पहारा, हुकूम आणि खर्च करावा लागला. घरराख्याच्या बाबतीत खर्च करते ते त्याचे कुटुंब, आणि तोही उलट हेतूने: मुलगा आगाऊ आरक्षण करतो, मुलगी वातानुकूलित खोली सजवून ठेवते, सून गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवते, तरीही गृहस्थ हलत नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून ‘प्रवास झेपत नाही’ हे जुने कारण लंगडे पडले, आणि सदाफुली व कुत्रा यांचे महत्त्व एकाएकी वाढले, असे म्हणण्यास जागा आहे.

यांपैकी सदाफुलीचा विचार प्रथम केला पाहिजे. ही वनस्पती मूळची मादागास्करची असून आता उष्ण प्रदेशांत जगभर पसरली आहे. पाच पाकळ्यांची गुलाबी किंवा पांढरी फुले तिला बारमाही येतात, शेंग वाळून उकलली की बारीक काळे बी जवळपास सांडते आणि मुंग्या व पावसाचे पाणी ते आणखी पुढे नेतात. जांभा हा लोहयुक्त, सच्छिद्र दगड आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलूनही तो पाणी धरून ठेवत नाही, म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत विहिरींचा तळ दिसू लागतो आणि अंगणातल्या हौसेच्या कुंड्या माना टाकतात. अशा दिवसांत चिऱ्याच्या फटीत, मूठभर मातीही नसताना, सदाफुली फुललेली असते. तिची पाने कडू आणि विषारी असल्यामुळे गुरे आणि शेळ्या तिच्या वाटेला जात नाहीत. तात्पर्य, पाणी, खत, कुंपण आणि राखण या चारही गोष्टींची गरज नसलेले हे रोप आहे, आणि नेमक्या याच रोपाच्या देखभालीसाठी घरराखा घर सोडू शकत नाही.

ही देखभाल पुढीलप्रमाणे चालते. सकाळी चहाच्या आधी घरराखा तांब्याभर पाणी घेऊन गडग्यापाशी जातो, कालची फुले आणि आजची फुले यांचा मनाशी ताळा करतो, एखादे पिवळे पान खुडून ते बराच वेळ निरखतो आणि ‘हिला जरा अशक्तपणा आलाय’ असे निदान करून दुपारी पुन्हा पाणी घालतो. वनस्पतिशास्त्र सांगते की सदाफुलीला उन्हापेक्षा मुळाशी साचणाऱ्या पाण्याची भीती अधिक, कारण ओलीत राहिलेली मुळे बुरशीने कुजतात. म्हणजे या रोपाला पावसाळ्याखालोखाल धोका असलाच तर तो घरराख्यापासूनच संभवतो. आषाढाच्या झडीत मूळ झाड बहुधा कुजून जाते आणि नवरात्राच्या सुमारास त्याच्या बियांचे नवे रोप दोन हात अंतरावर वर येते. घरराखा याला ‘वाचली’ असे म्हणतो. ‘ही सदाफुली अठरा वर्षांची आहे’ हे विधान तो पाहुण्यांपुढे निःशंकपणे करतो, परंतु ज्या झाडाकडे तो बोट दाखवत असतो ते बहुतेक वेळा मूळ झाडाचे खापरपणतवंड असते.

सदाफुलीमुळे घरराख्याला आळीत सल्लागाराचे स्थानही मिळते. या वनस्पतीची पाने मधुमेहावर गुणकारी असल्याची समजूत अनेक देशांत आहे. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीर या संशोधकांनी १९५० च्या दशकात याच समजुतीच्या अनुषंगाने तिचा अर्क तपासला, तेव्हा रक्तातील साखरेऐवजी पांढऱ्या पेशी कमी झालेल्या त्यांना आढळल्या, आणि त्यातूनच विनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. त्याचे भावंड असलेले विनक्रिस्टिन पुढे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर फार उपयोगी ठरले. ही सारी माहिती घरराख्याला तोंडपाठ असते. शेजारचे कोणी ‘शुगर’साठी चार पाने मागायला आले की तो त्यांना ओट्यावर बसवून हा इतिहास ऐकवतो, औषध शुद्ध करून मोजून द्यावे लागते, पान चावून विष तेवढे पोटात जाते, हे बजावतो, आणि पान न देता परत पाठवतो. सल्ला शास्त्रशुद्ध असतो यात संशय नाही. मात्र तो देताना पान खुडले जाणार नाही याचे समाधानही चेहऱ्यावर दिसते, हे निरीक्षकाने नोंदवले पाहिजे.

आता कुत्र्याविषयी. हा गावठी जातीचा असतो, त्याचे नाव टायगर किंवा राजा असते, आणि नावातून सूचित होणारे गुण, कधी काळी असलेच तर, आता ओसरलेले असतात. त्याचे तोंड पांढरे झालेले असते, मागचे पाय उठताना कुरकुरतात आणि डोळ्यांत निळसर धुरकटपणा दिसतो. हा धुरकटपणा म्हणजे नेहमी मोतीबिंदूच असतो असे नाही. वयोमानानुसार डोळ्यातले भिंग घट्ट होत जाऊनही तो येतो आणि त्याने दृष्टीला फारशी बाधा पोहोचत नाही. पशुवैद्यांनी हे समजावून सांगितले तरी घरराखा ‘त्याला दिसत नाही हो’ हेच पुढे सांगतो, कारण न दिसणाऱ्या कुत्र्याला सोडून डोंबिवलीला जाणे हे दिसणाऱ्या कुत्र्याला सोडून जाण्यापेक्षा अधिक अशक्य असते. कुत्र्याला ऐकूही कमी येते; पोस्टमन, वीजबिलवाला आणि वर्गणी मागणारी मुले यांची चाहूल त्याला लागत नाही. मासेवालीची हाक मात्र ती वळणापलीकडे असतानाच त्याच्यापर्यंत पोहोचते. मासेमारी बंद असलेल्या जून-जुलैत त्याला दूधभात मिळतो, आणि त्या काळात तो घरराख्याकडे ज्या नजरेने पाहतो तिच्यात अधूपणाचा लवलेशही नसतो.

कुत्र्याचे वय मोजण्याच्या पद्धतीचा येथे उल्लेख आवश्यक आहे. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा लोकमान्य हिशेब शास्त्राला मान्य नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवर वयाबरोबर उमटत जाणाऱ्या रासायनिक खुणा तपासून २०२० साली वेगळे सूत्र मांडले: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे संख्या वाढत जाते तसतसे हळूहळू वाढणारे एक गणिती माप, घ्यायचा, त्याला १६ ने गुणायचे आणि त्यात ३१ मिळवायचे. त्यानुसार एका वर्षाचा कुत्रा माणसाच्या एकतिसाव्या वर्षी असतो, बारा वर्षांचा एकाहत्तरीत, तेरा वर्षांचा बहात्तरीत आणि चौदाचा त्र्याहत्तरीत. सूत्र लॅब्राडोरचे असल्यामुळे गावठी जातीला ते काटेकोरपणे लागू करता येत नाही, तरी घरराख्याला ते फार पटते. तारुण्यात जो प्राणी धन्याला मागे टाकून भरधाव पुढे गेला, तोच आता वर्षाला वर्ष धरून त्याच्या बरोबरीने चालू लागला आहे. गुडघ्याचे तेल एका बाटलीतून दोघांना लागते, संध्याकाळी भाट्याच्या पुळणीपर्यंत होणारी फेरी आता कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत होते, आणि ‘दमला बिचारा’ असे म्हणून परत फिरणारा गृहस्थ त्या वाक्याचा कर्ता संदिग्ध ठेवतो.

हा कुत्रा घराची राखण करतो असे अधिकृतपणे सांगितले जाते, परंतु वस्तुस्थिती सूर्यास्तानंतर उघड होते. रत्नागिरी जिल्ह्यात बिबट्या वस्तीजवळ येतो आणि कुत्रा हे त्याचे सोयीचे भक्ष्य असते. म्हणून दिवेलागणीला घरराखा टायगरला हाका मारतो, त्या ऐकू न गेल्यामुळे कंदिलाच्या जागी आलेली विजेरी घेऊन त्याला शोधायला जातो, तो बहुधा त्याच्याच झोपाळ्याखाली सापडतो, मग त्याला आत घेऊन पडवीच्या दाराला अडसर घातला जातो. रात्री बाहेर खुट्ट झाले तर जागा होतो घरराखा. तो कानोसा घेतो, कुत्रा घोरत असल्याची खात्री करून घेतो आणि ‘हा आहे म्हणून निश्चिंत झोप लागते’ असे सकाळी सर्वांना सांगतो.

या साऱ्या व्यवस्थेत घरराख्याच्या पत्नीचे स्थान काय, हा प्रश्न रास्त आहे. ती मुलीच्या आणि सुनेच्या बाळंतपणांना जाऊन आलेली असते, लोकलचे तिला भय नसते आणि मुंबईला राहायला तिची हरकतही नसते. कुत्र्याचा भात शिजवते तीच, रेबीजच्या लसीची तारीख लक्षात ठेवते तीच. रविवारी फोनवर संभाषण होते ते ठरलेले असते. ‘बाबा, तुम्ही दोघं पावसाळाभर तरी इकडे या ना,’ असे मुलगा म्हणतो. ‘अरे, मला काय, मी उद्या येईन, पण या मुक्या जिवांचं काय?’ असे उत्तर जाते. मागून ‘अहो, त्या मुक्या जिवांना विचारलंत का एकदा?’ असा आवाज येतो, आणि तो मुलापर्यंत पोहोचण्याआधी फोन दुसऱ्या कानाला लावला जातो. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणारी कोकणी मंडळी, गावी येतात तेव्हा हीच चर्चा ओटीवर समोरासमोर होते. तेव्हा ‘ग्रामदेवतेची पालखी दारात येते, तेव्हा दाराला कुलूप दिसावं का?’ हा मुद्दा अधिक पडतो आणि सभा बरखास्त होते.

तथापि, सख्ख्या पुतण्याच्या लग्नासारखे काही अटळ प्रसंग येतात आणि घरराख्याला चार दिवस घर सोडावे लागते. जाण्यापूर्वी तो शेजारच्या मुलासाठी सूचनापत्र तयार करतो. त्यात सदाफुलीला पाणी किती वाजता आणि कोणत्या बाजूने घालावे, कुत्र्याच्या भातातील काटे कसे काढावेत, तो जेवला नाही तर त्याच्याशी काय बोलावे आणि कोणत्या विषयावर बोलू नये, याचा तपशील असतो. लग्नात अक्षता पडत असताना तो मांडवाबाहेर जाऊन शेजाऱ्याला फोन करतो. शेजारचा मुलगा तरुण असल्यामुळे सूचनापत्र वाचत नाही; पाणी घालायला विसरतो आणि कुत्र्याला स्वतःच्या घरचे बांगड्याचे कालवण वाढतो. चार दिवसांनी घरराखा परततो तेव्हा सदाफुलीवर नेहमीपेक्षा अधिक फुले असतात आणि कुत्र्याच्या अंगावर थोडे मांस चढलेले असते. हा प्रसंग घरराख्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण असतो. तो गडग्याला दोन फेऱ्या घालतो, अखेर खालच्या फांदीवर एक पिवळे पान शोधून काढतो आणि ते तळहातावर घेऊन पत्नीला दाखवतो: ‘बघितलंस? तरी मी म्हणत होतो.’

कुत्रा कधीतरी जातो, तेव्हा त्याला परसात माडाच्या बुंध्याशी पुरले जाते. घरराखा दोन दिवस फारसे बोलत नाही, तिसऱ्या दिवशी ‘आता पुन्हा कुत्रा नको, या वयात ओढ लावून घेऊ नये’ असे जाहीर करतो, आणि मुले हळूच रेल्वेची वेळापत्रके उघडतात. महिना-दीड महिन्यात कोणाच्या तरी गोठ्यात पिल्ले झाल्याची वार्ता येते. घरराखा ती ‘नुसती बघायला’ जातो आणि येताना पिशवीत एक पिल्लू घेऊन येतो. ते ‘फक्त पावसाळ्यापुरते’ ठेवलेले असते. मुलगा फोनवर हिशेब करतो: गावठी कुत्रा नीट सांभाळला तर बारा-तेरा वर्षे सहज जगतो, वडिलांना आता पंचाहत्तरावे लागले आहे, तेव्हा मुंबईचा विषय ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत काढण्यात अर्थ नाही. हा हिशेब वडिलांनी पिल्लू उचलण्यापूर्वीच केला होता की काय, अशी शंका त्याला येते, परंतु ती तो बोलून दाखवत नाही. लस कधी टोचायची एवढेच विचारतो, आणि पुढच्या वेळी येताना मुंबईहून पिल्लासाठी गळपट्टा घेऊन येतो.