ढोलकपूरचं संरक्षण खातं

2008 साली पोगो वाहिनीवर ‘छोटा भीम’ ही कार्टून मालिका सुरू झाल्यापासून त्यातल्या ढोलकपूर राज्यावर राक्षस, डाकू, जादूगारांची रीघ लागली आहे. पण राजा इंद्रवर्मांनी सैन्यभरती काही काढली नाही. कशाला काढतील? भाले घेतलेले शिपाई पहिल्याच फटक्यात आडवे होतात, की नऊ वर्षांच्या पोराला बोलावणं धाडायचं. भीमही आधी रीतसर मार खातो. अंगात बळ आणणारा लाडू घरून खाऊन निघावं, हे काही सुचत नाही. तो पार हरायला आला की मगच त्याच्या मैत्रिणीला, चुटकीला, लाडवाची आठवण होते. लाडू हवेतून थेट तोंडात! तोवर राक्षस बिचारा हात आवरून उभा. (इतका सभ्य शत्रू खऱ्या राजांना कुठे मिळतो?) आणि जिच्या लाडवांवर राज्य तगलंय, ती टुनटुन मौसी अजून दुकानच सांभाळतेय.