दोन देशांचे खातेदार

प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त बँकवाले काका असतात आणि त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. एवढं जमून आलं की भारत-अमेरिकेच्या बँकांची तुलना तुम्हाला चुकत नाही. लिफ्टमध्ये सुरू झालेली तळमजल्यावरही संपत नाही.

काकांचा नियम साधा आहे. आपण ज्या देशात उभे, त्या देशाच्या बँका टाकाऊ. पुण्यात असले की, "अहो, तिकडे गाडीतून उतरावंसुद्धा लागत नाही, खिडकीतून पैसे हातात! आणि इकडे केवायसीसाठी पुन्हा आधारची झेरॉक्स." न्यू जर्सीत विमान टेकलं की तेच काका सूनबाईंना ऐकवतात, "आमच्याकडे कोथिंबीरवालीसुद्धा क्यूआर लावून बसते. आणि तुम्ही अजून भाड्याचा चेक पाकिटात घालून पोस्टात टाकता?"

पुण्यात ठेवींच्या विम्याचा विषय निघतो. "तिकडे अडीच लाख डॉलर, इकडे पाच लाख रुपये. करा हिशेब!" तिकडे गेले की हाच विमा गायब होतो आणि मार्च २०२३ मध्ये बघता बघता बुडालेली सिलिकॉन व्हॅली बँक वर येते.

इतिहासही त्यांच्या पाठीशी असतो. "२००१च्या हल्ल्यानंतर विमानं जमिनीवर आली, तर यांचे चेक अडकले! कारण चेक विमानानं फिरायचे. मग कायदा करून चेकच्या चित्रावर भागवायला लागले. झटपट पैसे पाठवायची आपली आयएमपीएस २०१०ची. यांच्या फेडरल रिझर्व्हची फेडनाऊ यायला २०२३ उजाडलं."

स्वतः काका पितळी टोकनाच्या जमान्यातले. चेकला टोचलेली टाचणी, दोन्ही हातांनी उचलायची लेजरं, बाहेरगावचा चेक वटेपर्यंत आटपून जाणारं लग्न, हे सगळं त्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं. संगणक आले तेव्हा दंडाला काळी फीत लावून दारात घोषणा देणाऱ्यांत ते पुढे होते. आता यूपीआयबद्दल असं बोलतात, की २०१६ साली ते यांनीच लेजरच्या मागच्या पानावर आखून दिलं असावं.

मुलाबरोबर तिकडच्या बँकेत गेले, तर बचत खात्यावर ०.०१ टक्का व्याज ऐकून त्यांनी आधी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा ना?" मुलगा पार्किंगचं निमित्त काढून बाहेर गेला.

मुक्काम कितीही लांबो, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काका पुण्यात असतात. बँकेत एक फॉर्म भरायचा असतो. व्याजावर टीडीएस कापला जाऊ नये म्हणून द्यायचा हा फॉर्म मोबाइलवरूनही जातो, हे इतरांना तेच शिकवतात. स्वतः मात्र दोन प्रती घेऊन शाखेत जातात, रांगेत उभे राहतात आणि पोच मागतात. शिक्का उमटला की चष्मा वर करून तारीख वाचतात, शाईवर फुंकर घालतात आणि पुण्यात उभं राहून वर्षातून एकदाच म्हणतात,

"अमेरिकेत असा शिक्का मारून देणार कोण?"